गार चाकाची हवा

१९६८ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि हवेतलं सगळं मला कळतं असं मला वाटायचं.

हवा म्हणजे चाकातली. पेणच्या नाक्यावर माझं पंक्चरचं दुकान होतं. दुकान कसलं, चार वासे, वर पत्रा, डिझेलच्या इंजिनावर फुगणारी हवेची टाकी, आणि ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला कापलेलं पिंप. शाळा मी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तरांनी विनाकारण हात उगारला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, आणि ती पाटी आणायलाही परत गेलो नाही. बाप म्हणाला, मग शेण काढ. शेण काढलं, नांगर धरला, आणि विसाव्या वर्षी गागोद्याकडचं आमचं गाव सोडून पेणला उतरलो. पुढचं जे काय शिकलो ते रबराकडून. हे लिहितोय ते नातवंडांच्या उरलेल्या वहीत. चुका असतील त्या असू द्यात. गोष्ट खरी आहे.

परवा थंडी पडली. आता मी मुलाकडे वरसेला असतो. रोह्याला लागून गाव, पण आता गाव म्हणायला काही उरलं नाही, सगळ्या इमारती. सूनबाई कंपनीत आहे, पहिली शिफ्ट असली की सहाच्या आत निघते. परवा ती गाडी चालू करून तशीच बसून राहिली. मी खाली अंगणात फेऱ्या मारत होतो, गेलो जवळ. म्हणाली, बाबा, पिवळा दिवा लागलाय हवेचा, कालही लागला होता, दुपारी आपोआप गेला. पंपावरच्या माणसाने सांगितलंय की थंडीत असंच होतं, लक्ष देऊ नका.

मी तिला म्हटलं, दुपारी दिवा गेला म्हणजे हवा भरली असं नाही. चाक तापलं एवढंच. तापलेलं चाक फुगतं, आणि फुगलेल्याचं बोलणं खरं धरायचं नसतं. पहाटे, गाडी हलायच्या आधी, ऊन लागायच्या आधी जे चाक सांगतं ते खरं.

ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. मी पायपंप आणला आणि चारही चाकांत हवा भरून दिली, तिच्या गाडीच्या दाराच्या कडेला जेवढा आकडा छापलाय तेवढी. स्टेपनीतही भरली. स्टेपनी कोणी बघत नाही. वयाच्या मानाने हात अजून चालतात. पण वर आल्यावर चहा पिववेना.

कारण थंडी पडली की मला एलिजाभाऊ आठवतात.

पेणमध्ये तेव्हा ज्यू लोकांची बरीच घरं होती. बोलणं आपल्यासारखंच, बायकांचं लुगडं आपल्यासारखं, घरात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. त्यांचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवारतेली म्हणत. म्हणणाऱ्याला त्यात काही वाटत नसे. ऐकणाऱ्याला काय वाटे ते कोणी विचारलं नाही, मीही नाही.

एलिजाभाऊ त्यांच्यातले. भातगिरणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. पंचेचाळिशीचा माणूस, उंच, खाकी शर्टाची वरची गुंडीही लावलेली. लढाईच्या वेळी लष्करात गाड्या चालवल्या होत्या, आणि तिथून सुटून आल्यापासून बावीस वर्षं गिरणीचा ट्रक. बावीस वर्षांत कोणाची कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत, गाव सांगायचं.

शुक्रवारी दुपारी ते ट्रक माझ्या दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत लावायचे आणि ऊन उतरायच्या आत घरी जायचे. शनिवारी ट्रकला हात नाही. गिरणीचे शेठ सुरुवातीला कुरकुरले होते, मग त्यांनी तेही सोडून दिलं. रविवारी पहाटे ट्रक निघायचा. आणि निघायच्या आधी हवा बघायची. हे काम माझं. एलिजाभाऊंकडे लष्करातलं हवेचं मीटर होतं, पितळेचं, पेनासारखं. ते म्हणायचे, म्हादू, आठवड्यात हवा मोजायला खरा दिवस एकच. चाक दीड दिवस उभं राहिलंय, गार झालंय, त्याला कुठं जायची घाई नाय. तेव्हा विचारलं की ते खोटं बोलत नाय.

मला ते मीटर आवडत नसे. माझ्याकडे टॉमी होती. टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार. टायरवर टॉमी मारायची आणि आवाज ऐकायचा. कडक हवेचा आवाज टणक येतो, हातात उसळी देतो. कमी हवेचा आवाज पोकळ, भोपळ्यासारखा. त्या नाक्यावरचे सगळे असंच बघायचे, आजही महामार्गाच्या ढाब्यांवर ड्रायव्हर असंच बघतात. मी मात्र पौंड सांगायचो. टॉमी मारून नुसतं म्हणायचो, पंचाहत्तर. लोक मान डोलवायचे. सव्वीस वर्षांच्या, दुसरी शिकलेल्या माणसाला लोकांनी मान डोलवणं म्हणजे काय असतं ते सांगता येत नाही.

त्या साली थंडी लवकर उतरली. दिवाळी होऊन भात झोडून झालं, खळी सारवलेली तशीच राहिली, आणि शेतात वाल टाकले गेले. ज्याला आमच्याकडचा हिवाळा माहीत नाही त्याला वाटतं, कोकणात कसली थंडी. त्याने पहाटे वडखळच्या खाडीकडून येणारं धुकं बघावं. रस्त्याची झाडं कमरेपासून वर दिसतात, खालचं काही नाही. पेंढ्यावर दव पडलं की त्याला गोड, कुजका वास येतो, तो वास आणि डिझेलचा वास एकत्र झाला की माझ्या मते तो पेणचा हिवाळा. दुपारी मात्र ऊन असं लागतं की अंगातली बंडी काढून ठेवावी. पहाटे गारठा, दुपारी चटका. माणूस बंडी काढतो, घालतो. रबर काय करणार. ते पहाटे आकसतं आणि दुपारी फुगतं, आणि ज्याला हे कळलं नाही त्याने हिवाळ्यात कोणाच्या चाकाला हात लावू नये. मला कळलं नव्हतं.

पौषातली गोष्ट असेल. नाक्यावर चार-पाच ड्रायव्हर चहाला जमले होते. कोणीतरी एलिजाभाऊंना चिडवलं की तुमच्या पितळी पेनापेक्षा म्हादूचा कान बरा. ते म्हणाले, बघू की. मी टॉमी मारली, सांगितलं, ऐंशी. त्यांनी मीटर लावलं आणि मला न दाखवता सगळ्यांना दाखवलं. अडुसष्ट. मग दुसरं चाक. तिथंही दहाने चुकलो. ड्रायव्हर हसले. एकजण म्हणाला, म्हादूच्या कानात मळ झालाय, त्यात पण हवा मारा. एलिजाभाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले की गारव्यात लोखंडाचा आवाजही बदलतो रे, कानाचा दोष नाय.

ते हसले असते तर बरं झालं असतं. दया मला कधी पचली नाही. त्या दिवसापासून मी ते मीटर हातात घेणं सोडलं. त्यांच्यासमोर काही बोललो नाही. फक्त मनात ठरवलं की हा माणूस आपल्याला शिकवणारा कोण.

पुढच्याच शुक्रवारची दुपार. ट्रक रोह्याहून रिकामा आला, पुढच्या डाव्या चाकात खिळा होता. तो काढायला सांगून एलिजाभाऊ घाईने घरी गेले. त्यांच्याकडे माणसं यायची होती. त्यांचं घर निघायचं ठरलं होतं, कायमचं, इस्रायलला. महिना-दीड महिना राहिला होता. भावकीतले लोक भेटायला येत होते. मी पंक्चर काढलं आणि मग सवयीने दोन्ही पुढच्या चाकांवर टॉमी मारली. डावं बरं होतं, मीच भरलेलं. उजवं टणटणत होतं. हात लावला तर रबर तव्यासारखं तापलेलं.

त्याच वर्षी चैत्रात माझ्या दुकानासमोर एका ट्रकचं चाक उभ्या जागी फुटलं होतं, भर उन्हात, हवा जास्त झाली म्हणून. रबराचा तुकडा माझ्या पत्र्याला भोक पाडून गेला होता. ते डोक्यात होतं. आणि दुसरंही डोक्यात होतं, ते म्हणजे मला कळतं. मी व्हॉल्व्हचं तोंड दाबलं आणि उजव्या चाकातली हवा सोडली. शूं करून गरम वारा बाहेर आला, तोंडावर बसला. बरोबर वाटेपर्यंत सोडली. तापलेल्या चाकाची हवा कधी काढायची नसते. ते चाक बिचारं बरोबर होतं. तापलं म्हणून फुगलं होतं, गार झालं असतं की आपल्या जागी आलं असतं. मी त्याची जागाच काढून घेतली.

हे आज तीन ओळींत लिहिलं. कळायला एक माणूस मोडावा लागला.

रविवारची पहाट. मी दुकानातच निजायचो, बायको गंगू पोरीला घेऊन मागच्या खोलीत. बाहेर हमालांनी शेकोटी केली होती. ट्रक भरलेला होता, तांदळाच्या गोणी, रोह्याच्या पेठेत जायच्या. गारठा असा की तोंडातून वाफ निघत होती. एलिजाभाऊ आले, गळ्यात मफलर, काचेवरचं दव फडक्याने पुसायला लागले. मी घोंगडी पांघरून शेकोटीशी बसलेला. मीटर त्यांच्या हातात होतं, त्यांनी ते माझ्याकडे धरलं. मी हात बाहेर काढला नाही.

“हवा बघितलीस काय रे?” त्यांनी विचारलं.

“बघितली.”

एवढंच. मी बघितली होती, शुक्रवारी दुपारी, टॉमीने. ते काही साफ खोटं नव्हतं असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. पण त्यांनी विचारलं होतं ते रविवारच्या पहाटेबद्दल, आणि मला ते ठाऊक होतं. त्यांनी मीटर खिशात टाकलं. माझ्या शब्दावर. बावीस वर्षं ज्याने कशावर विश्वास ठेवला नाही, ब्रेकवर नाही, पुलावर नाही, त्याने माझ्या शब्दावर ठेवला. दोन हमाल गोणींवर चढले आणि ट्रक धुक्यात गेला. मागचा लाल दिवा वडखळच्या रस्त्याला थोडा वेळ दिसला.

मी आजही चालत्या ट्रकच्या चाकाकडे बघतो तेव्हा टायरचा खालचा भाग बघतो, जिथं तो रस्त्याला टेकतो. हवा कमी असली की टायर तिथं बसका होतो, कुशी, म्हणजे बाजूचं रबर, बाहेर काढतो. प्रत्येक फेऱ्यात ती कूस दुमडते, सरळ होते, दुमडते. लोखंडाची तार वाकवत राहिलं की कशी तापते. बाहेर गारठा असला तरी आत ती कूस जळत असते. बसणाऱ्याला कळत नाही, चालवणाऱ्यालाही सरळ रस्त्यावर कळत नाही. माणसाचं तरी काय वेगळं असतं.

ट्रकने नागोठणं मागे टाकून भिसे खिंड चढली, आणि उतरताना वळणावर उजवं पुढचं चाक फुटलं. स्टेअरिंग हातातून फिरलं आणि एलिजाभाऊंचं उजवं मनगट त्यात सापडलं. ट्रक रस्ता सोडून खाली वालाच्या शेतात गेला. देवाची कृपा म्हणा, उलटला नाही. हमाल गोणींवरून उडाले आणि मऊ शेतात पडले, खरचटलं तेवढंच. गोणी फुटल्या. ज्या शेतकऱ्याचं शेत होतं तो आणि त्याची बायको तांदूळ वेचत बसले होते असं हमाल सांगत होते. एलिजाभाऊ खाली उतरले, रस्त्याच्या कडेला बसले, आणि मोडका हात मांडीवर ठेवून पहिल्यांदा विचारलं ते हमालांबद्दल.

मला हे दुपारी नाक्यावर कळलं. सांगणारा सांगत होता आणि माझ्या तोंडावर तो शुक्रवारचा गरम वारा पुन्हा बसत होता.

चार दिवसांनी ट्रक ओढून गिरणीत आणला. फुटलेला टायर फाटकाशी टाकला होता. येणारा-जाणारा त्याला लाथ मारून पुढे जायचा. मी संध्याकाळी गेलो आणि त्याच्यात हात घातला. आत मूठभर काळा भुगा होता, भाजलेल्या तिळासारखा. कुशीचे दोरे सगळीकडून सुटलेले, गोल, एका रेषेत, जणू कोणी आतून सुरी फिरवली. खिळ्याने फुटलेलं चाक असं दिसत नाही. जास्त हवेनेही नाही. हवा कमी ठेवून पळवलेलं चाकच असं दिसतं. सगळ्या पेणमध्ये ते वाचता येणारा माणूस एकच होता, आणि त्याने ते वाचून हात विजारीला पुसले.

शेठांनी ठरवलं होतं की ड्रायव्हरला झोप लागली. शनिवारी त्यांच्या घरी माणसं होती, गाणी म्हणत जागले, पहाटे डुलकी आली. असं नाक्यावरही बोलू लागले. ज्या गावाने बावीस वर्षं कोंबडीची गोष्ट सांगितली तेच गाव. आणि इथं खरी अडचण होती. एलिजाभाऊंना शेठांकडून दाखला हवा होता, इतकी वर्षं गाडी नीट चालवली म्हणून. तिकडे त्यांच्या मेव्हण्याने बसवर ड्रायव्हरची नोकरी बघितली होती, दाखला दाखवल्यावर मिळायची. शेठ म्हणाले, दाखला देतो, पण शेवटी काय झालं तेही त्यात लिहीन. मी खोटं लिहिणारा माणूस नाही.

मी गप्प राहिलो. दहा-बारा दिवस. काम करत होतो, टॉमी मारत होतो, पौंड मात्र सांगत नव्हतो. माझा मान गेला असता हे एक. दुसरं, एकदा नाक्यावर कळलं की म्हादूच्या हवेने चाक फुटलं, की मग कोण थांबणार माझ्या पत्र्याखाली. गंगूला मी काही सांगितलं नव्हतं. ती ताट समोर ठेवायची आणि मी भात चिवडायचो. एक दिवस तिने ताट उचललं आणि म्हणाली, “चाकाचा आवाज तुमाला लांबून कळतो. आपला सोताचा नाय आयकू येत?” मी तिच्यावर ओरडलो, गप गो. ती कधीच फार बोलत नसे, आणि त्या वाक्यानंतर बोलायची गरजही नव्हती.

मग एलिजाभाऊंकडे मलिदा होता. दूर जायचं असलं, काही मोठं घडायचं असलं की ते लोक मलिदा करतात. पोहे भिजवून, गूळ-खोबरं घालून कालवतात, वर फळं मांडतात, आणि त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत देवाचं नाव घेतात. पोहे पेणचेच, पण त्या ताटात ते वेगळेच दिसत. हन्नावहिनी, म्हणजे एलिजाभाऊंची बायको, स्वतः दुकानावर येऊन बोलावून गेल्या. मला म्हणाल्या, भावजी, तुम्ही आला नाहीत तर यांना बरं वाटणार नाही. त्या मला भावजी म्हणायच्या. मी दुपारनंतर गेलो.

घर अर्धं रिकामं झालं होतं. भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. ट्रंका बांधलेल्या. एलिजाभाऊ ओटीवर बसले होते, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यातल्या फडक्यात अडकवलेला. इतर लोक आत होते. त्यांनी मला बाजूला बसवलं. प्लॅस्टरबाहेर आलेली बोटं ते एकेक करून हलवून बघत होते.

म्हणाले, “म्हादू, एक विचारतो. रागावू नको. तू त्या दिवशी मला जाताना बघितलंस. मी झोपेत होतो काय?”

मला वाटलं ते हवेचं विचारतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो, कसं टाळायचं याची. याची नव्हती.

मी म्हटलं, नाही, असं का म्हणता.

“लोक म्हणतात झोप लागली. पहिल्यांदा मला हसायला यायचं. आता रोज पहाटे जाग येते तेव्हा आठवायला बघतो. वळण आठवतं. मग आवाज आठवतो. मधलं नाय आठवत. लागली असेल रे झोप. हवा तर बघितलेली होती. मग राहिलं काय, माझे हात आणि माझे डोळे.” त्यांची नजर बोटांवरच होती. “तिकडे बसमध्ये पन्नास माणसं बसवून चालवायची. या हातांनी कशी चालवू?”

वहिनींनी द्रोणात मलिदा आणून दिला, वर केळ्याचा तुकडा आणि एक खजूर. तो मी हातात धरून बसलो. दाखला न मिळणं एक. पण एखाद्याने माणसाचे स्वतःचे हातच त्याच्यापासून काढून घ्यावेत, हे मी केलं होतं, एका शब्दाने, आणि तो शब्द काढून घ्यायला मला बारा दिवसांत तोंड नव्हतं. तेव्हाही नव्हतं. आत लोक होते, गाणं सुरू झालं होतं. मी उठलो. द्रोण तसाच घेऊन घरी आलो आणि गंगूच्या हातात दिला. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग द्रोणातला मलिदा पोरीला भरवला आणि म्हणाली की सकाळी अंघोळ करून जा.

आता पेणमध्ये ज्यू लोकांची ती घरं नाहीत. एक-दोन उरलीत, त्यांचीही पोरं मुंबईला. वयाच्या या टोकाला बसून मला वाटतं की लोक हवेबद्दल विचारतात तेव्हा आकडा विचारतात. किती भरू? आकडा कुठंही छापलेला असतो. आकड्यापेक्षा केव्हा बघितला हे मोठं. गाडी उभी असताना बघा, पहाटे बघा, वजन लादायचं असेल त्याच्या हिशेबाने भरा, आणि तापलेल्या चाकातून कधी काढू नका. आणि बघितली नसेल तर नाही बघितली म्हणा. हे शेवटचं कुठल्या दारावर छापत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून गेलो. अजून धुकं होतं. एलिजाभाऊ विहिरीवर एका हाताने तोंड धूत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, मीटर न लावता शुक्रवारी तापलेल्या चाकातून हवा सोडली, आणि रविवारी न बघता बघितली म्हणालो. मी पाय धरणारा माणूस नाही, धरले नाहीत. त्यांच्या तोंडावरचं पाणी निथळत होतं. मग विचारलं, किती सोडली होतीस. मी म्हटलं, दहा-बारा पौंड असेल. त्यांनी तोंडातल्या तोंडात मोजलं, गारठ्याचे आणखी किती जातील, वर गोणींचं वजन किती. आणि म्हणाले, मग खिंड चढेपर्यंत टिकलं हेच खूप झालं. मग आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, प्लॅस्टरमधल्या बोटांकडे बघितलं, आणि आत जाऊन शर्ट घालून आले, वरची गुंडी वहिनींनी लावून दिली.

आम्ही गिरणीत गेलो. वजनाचा काटा सुरू व्हायचा होता, चार-पाच गाडीवान आणि ते दोघे हमालही होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. शेठ म्हणाले, म्हादू, हे दाखल्यात लिहिलं तर नाक्यावर तुझ्याकडे कोण येईल? मी म्हटलं, लिहा. दिवाणजींनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यात होतं, चाकात हवा कमी असावी असे वाटते. मी म्हटलं, असावी नाही, वाटते नाही. ते खोडा. हवा महादूने काढली आणि बघितली असं खोटं सांगितलं, ड्रायव्हर जागा होता, असं लिहा. दिवाणजींनी शेठांकडे बघितलं, शेठांनी होकाराची मान हलवली. दिवाणजींनी नवीन कागद घेतला. मी खाली अक्षर जोडून जोडून माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आणि शाई वाळेपर्यंत थांबून तो कागद एलिजाभाऊंच्या डाव्या हातात दिला.